१८४३ चे जॉन आणि ॲन: शोध ॲनच्या माहेरापासून सुरू करा

प्रश्न असा आहे: "ताई, माझा नवरा इंग्रज आहे. सासूबाईंकडच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर शाईने लिहिले आहे, 'जॉन आणि ॲन, लग्न १८४३', आणि खाली डॉर्सेटमधल्या एका खेड्याचे नाव. नवऱ्याच्या खापरपणजोबांच्याही मागची ही पिढी असावी. मी एका वेबसाइटवर आडनाव आणि गाव टाकले, तर दोन संध्याकाळींत वंशवृक्ष १४८० पर्यंत पोचला! मुलीला हे सगळे दाखवायचे आहे. यातले किती खरे मानायचे? आणि या दोघांबद्दल आणखी काय कळू शकते?"

१४८० चा निकाल आधी लावून टाकते, कारण उशीर केला तर तुमचा जीव त्यात आणखी अडकेल. तो वृक्ष बाजूला ठेवा. इंग्लंडमध्ये गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहायला सुरुवात केली १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने. (ऑलिव्हर तो वेगळा, शंभर वर्षांनंतरचा.) त्या पहिल्या वह्या बहुतेक कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढा असे फर्मान निघाले, तेव्हा पुष्कळ गावांनी एलिझाबेथ राणी गादीवर आली त्या १५५८ पासूनचेच उतरवले आणि मागची वीस वर्षे गेली ती गेलीच. तेव्हा १४८० मध्ये शेतमजुराच्या घरी मूल जन्मले तर ते लिहून ठेवणारी वहीच नव्हती. जहागिरीच्या कचेरीच्या लॅटिन दप्तरात एखाद्या कुळाचे नाव येते. पण तिथून १८४३ पर्यंत एकही कडी न तुटता खाली उतरणे, ते सुद्धा दोन संध्याकाळींत! तुमच्या वृक्षातला १४८० चा माणूस कुणीतरी दुसऱ्याच्या वृक्षातून उचलला, त्याने तिसऱ्याच्या. वीस वृक्षांत तेच नाव दिसते म्हणून ते वीस पुरावे होत नाहीत, एकच चूक वीस घरी जेवते आहे.

ही चूक होते कशी, ते आपल्याला पटकन कळावे. आपल्याकडे माणसाच्या नावातच बापाचे नाव असते. एका आळीत चार गणपत जोशी असले तरी गणपत विष्णू आणि गणपत रामचंद्र वेगळे पडतात. इंग्रजी खेड्यात ती सोय नाही. मुलगे म्हणजे जॉन, विल्यम, थॉमस, जेम्स, जॉर्ज. मुली म्हणजे मेरी, ॲन, एलिझाबेथ, सेरा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत तिथेही आहे, त्यामुळे चार भावांच्या घरी एकाच आडनावाचे चार जॉन पाच वर्षांत जन्मतात. त्यातला एक तान्हेपणी जातो, आणि पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव मिळते. वेबसाइट तुम्हाला यातला पहिला दिसेल तो जॉन सुचवते. तो दोन वर्षांचा असतानाच दफन झाला होता हे पाहायला दफनाची वही उघडावी लागते, आणि ती कुणी उघडत नाही.

म्हणून चाल उलटी. मुलीपासून मागे चला, प्रत्येक कडीला एक कागद. १८४३ ला पोचलात की लगेच वर चढायला बघू नका, तिथेच मुक्काम ठोका. या कामात वीसेक वर्षे गेल्यावर मला एवढे खात्रीने सांगता येते की इंग्रजी खेड्यातल्या जोडप्याची गोष्ट नवऱ्याच्या आडनावाने सापडत नाही, बायकोच्या माहेराने सापडते. आडनावाची रेघ सरळ वर जाते आणि लवकर संपते. माहेराची रेघ आडवी जाते, आणि गाव आडवेच बांधलेले असते.

आता कागद. तुमचे नशीब चांगले, लग्न १८४३ चे आहे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली, म्हणजे या लग्नाचा दाखला जनरल रजिस्टर ऑफिसकडून मिळतो. तो मागवाच, पण लग्न चर्चमध्ये लागले असेल तर चर्चच्या मूळ वहीच्या पानाचा फोटोही मिळवा. सरकारी प्रत ही तिमाहीला उतरवून लंडनला पाठवलेली नक्कल. पाद्र्याच्या हाताने लिहिलेले पान वेगळे, आणि खऱ्या सह्या त्या पानावरच. डॉर्सेटच्या बहुतेक वह्या डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये आहेत आणि ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर त्यांची चित्रे पाहता येतात. पैसे भरायचे नसतील तर इथल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ती वेबसाइट फुकट उघडता येते.

दाखल्यावर काय असते? तारीख, नावे, वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहण्याचे ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावे आणि त्यांचे धंदे, सह्या, साक्षीदार. यातल्या प्रत्येक रकान्यात खोच आहे. वयापुढे नुसते 'पूर्ण वय' लिहिले असेल तर त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून जास्त, एवढाच. एकवीसच्या आत आईबापाची संमती लागे, म्हणून एकोणीसची पोर कधी कधी 'पूर्ण वयाची' होऊन जाई. राहण्याचे ठिकाण दोघांचे एकच असेल तर ती त्याच गावची होती असे धरू नका. लग्नाच्या वेळी कुणाकडे तरी टेकलेले असले तरी तेच लिहीत. वडील हयात होते की नव्हते ते दाखला भरवशाने सांगत नाही. सहीच्या जागी फुली दिसली तर हळहळू नका. १८४० च्या सुमारास सबंध देशात साधारण एक तृतीयांश नवरे आणि जवळजवळ निम्म्या नवऱ्या फुलीच करत होत्या.

आणि आता सगळ्यात मोठी खोच. दाखल्यावर आयांची नावे नाहीत. रकानाच नाही. १८३७ मध्ये तो ठेवला नाही, आणि तो आला ४ मे २०२१ रोजी. एकशे त्र्याऐंशी वर्षे या देशातला प्रत्येक नवरा आणि प्रत्येक नवरी कागदोपत्री फक्त बापाची होती. आपले कुलवृत्तांत चाळताना 'अमक्याची पत्नी, माहेरची तमकी' ही ओळ आपण सहज ओलांडून जातो. इथे ती ओळ हाताने कमवावी लागते.

पण ती कमावता येते. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते, 'पूर्वीची' असे म्हणून. ॲनचे आधी एक लग्न होऊन ती विधवा झालेली असेल तर दोन आडनावे मिळतात, मधल्या नवऱ्याचे आणि माहेरचे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या वेबसाइटवर जन्मांची जी नवी सूची आहे तिच्यात हे माहेरचे आडनाव थेट १८३७ पासून दिले आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून पुढेच होते, म्हणून जुनी पुस्तके हा मार्ग सांगत नाहीत. तुम्ही काय करायचे: नवऱ्याचे आडनाव, ॲनचे माहेरचे आडनाव आणि नोंदणीचा जिल्हा टाकून १८४३ ते १८७० एकेक वर्ष पाहत जायचे. खाते उघडले की शोध फुकट आहे. संध्याकाळभरात त्या दोघांची सगळी मुले समोर येतात, दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेली सुद्धा. सासूबाईंच्या बायबलात नसलेली नावे इथे निघतील, तयारी ठेवा. एखादे मूल या सूचीत नसले तर बाप्तिस्म्याची वही पाहा. न नोंदवल्याबद्दल आईबापांना खरा जाच सुरू झाला तो १८७५ पासून; त्याआधी काहींनी देवळात नेले आणि सरकारला कळवलेच नाही.

पहिल्या मुलाचा जन्म आणि लग्नाची तारीख यांत नऊ महिने भरत नसतील तर सासूबाईंना सांगताना आवाज खाली आणायची गरज नाही. त्या काळच्या खेड्यात हे इतके रुळलेले होते की नऊ महिने व्यवस्थित भरले तर मीच थोडी चकित होते.

मुलांच्या मधल्या नावांकडेही लक्ष द्या. आडनावासारखे वाटणारे मधले नाव असेल तर ते बहुतेक वेळा आईच्या किंवा आजीच्या माहेरचे असते. इंग्रज बाई लग्नात आपले आडनाव टाकते आणि मुलाच्या मधल्या नावात हळूच परत आणते.

हे सगळे मी का इतके ताणून सांगते आहे ते तुमच्याच डॉर्सेटमधल्या एका खऱ्या गोष्टीवरून दाखवते. टॉलपडल हे डॉर्चेस्टरच्या पूर्वेचे गाव. १८३० च्या सुमारास तिथे शेतमजुराची मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगवरून आठ, मग सात झाली, आणि पुढे सहा करणार अशी धमकी आली. डिसेंबर १८३३ मध्ये काही मजुरांनी शपथ घेऊन संघ बांधला. संघ बांधणे १८२४ पासून गुन्हा नव्हता, म्हणून त्यांना पकडले ते गुप्त शपथ दिल्याबद्दल, नौदलातल्या बंडानंतर केलेल्या १७९७ च्या कायद्याखाली. २४ फेब्रुवारी १८३४ ला अटक, मार्चमध्ये डॉर्चेस्टरला खटला, आणि सात वर्षे काळे पाणी, म्हणजे ऑस्ट्रेलियाकडे हद्दपारी. सहा माणसे: जॉर्ज लव्हलेस, जेम्स लव्हलेस, थॉमस स्टँडफील्ड, जॉन स्टँडफील्ड, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. कामगार चळवळीच्या इतिहासात ही सहा नावे हुतात्मे म्हणून एका ओळीत येतात.

आता ती ओळ वंशावळ करणाऱ्याच्या नजरेने वाचा. आडनावे चार. दोन लव्हलेस भाऊ-भाऊ, दोन स्टँडफील्ड बाप-लेक, बाकी दोघे सुटे. आडनावांवरून एवढेच कळते. पण थॉमस स्टँडफील्डची बायको डिनाया ही माहेरची लव्हलेस, जॉर्ज आणि जेम्सची बहीण. मजुरांच्या बैठका व्हायच्या त्या स्टँडफील्डच्या घरी, म्हणजे डिनायाच्या घरी. एकाच दिवशी तिचा नवरा गेला, मुलगा गेला, दोन भाऊ गेले. सरकारी कागदात ही बाई कुठेच आरोपी नाही, साक्षीदार नाही, आणि तरी सहापैकी चौघांना जोडणारी गाठ तीच आहे. पुढे पाचवाही जोडला गेला. शिक्षा माफ झाल्यावर या कुटुंबांना इसेक्समध्ये, ग्रीनस्टेडच्या आसपास, वर्गणीतून शेते खंडाने घेऊन दिली. तिथल्या जुन्या लाकडी चर्चमध्ये जून १८३९ मध्ये जेम्स ब्राइनने एलिझाबेथ स्टँडफील्डशी लग्न केले. ती डिनायाची मुलगी.

त्या १८३९ च्या लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात थॉमस स्टँडफील्डची जागा आहे. डिनायाला जागा नाही. फक्त तेवढा कागद हाती असलेल्या कॅनडातल्या एखाद्या वंशजाला आपण लव्हलेसांचेही नातलग आहोत हे कळायला मार्गच नाही. कॅनडा म्हटले, कारण ही मंडळी १८४४ ते १८४६ च्या दरम्यान ऑन्टॅरिओतल्या लंडनजवळ जाऊन शेती करू लागली आणि मागचे फारसे बोलली नाहीत. आडनाव धरून ब्राइनचे लग्न डॉर्सेटमध्ये शोधाल तर मिळणार नाही, १८५१ च्या जनगणनेत शोधाल तर डॉर्सेटमध्ये नाही आणि इसेक्समध्येही नाही. मामाकडची मंडळी कुठे गेली हे माहीत असेल तरच हा माग लागतो.

जॉर्ज लव्हलेसचे लग्न १८२४ चे, एलिझाबेथ स्प्रॅक्लनशी. तो मेथडिस्ट, म्हणजे राजमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचा, स्वतः प्रवचने करणारा. पण त्याचे लग्न चॅपेलच्या, म्हणजे त्या पंथाच्या प्रार्थनाघराच्या वहीत शोधू नका. १७५३ च्या कायद्याने २५ मार्च १७५४ पासून क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना राजमान्य चर्चमध्येच लग्न लावावे लागे, आणि ते १८३७ पर्यंत चालले. बाप्तिस्मे मात्र चॅपेलच्या वहीत असू शकतात. त्या वह्यांपैकी पुष्कळ सरकारने नंतर गोळा केल्या आणि त्या आता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. तुमच्या ॲनचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये मिळाला नाही तर तिच्या माहेरचे लोक चॅपेलला जात होते का, हा पहिला प्रश्न.

जॉर्ज आणि एलिझाबेथबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. जॉर्जला व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आताच्या टास्मानियाला नेले होते. इतरांना न्यू साउथ वेल्सला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला बायकोला बोलावून घ्यायला सांगितले. आधी तो तयार नव्हता, शेवटी त्याने लिहिले. मार्च १८३६ मध्ये इकडे माफी झाली. ती कळल्यावर परतीचे जहाज समोर असून तो थांबला, कारण बेट्सी, म्हणजे त्याची एलिझाबेथ, निघाली असेल तर समुद्रात चुकामूक होईल. ती निघाली नाही असे पत्र आले तेव्हा कुठे जानेवारी १८३७ मध्ये तो निघाला आणि जूनमध्ये लंडनला पोचला. हे आपल्याला ठाऊक आहे कारण त्याने परत आल्यावर स्वतः लिहून छापले. तुमच्या जॉनने काही छापले असण्याचा संभव जवळजवळ नाही. मजूर जोडप्याची गोष्ट दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी केलेल्या कागदांतूनच जमवावी लागते, आणि त्यातला सर्वांत बोलका ढीग गरिबांच्या मदतीचा.

टॉलपडलच्या बायकांनी पुरुष गेल्यावर पॅरिशकडे, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीचा कारभार पाहणाऱ्यांकडे, मदत मागितली तेव्हा ती नाकारली गेली. लंडनच्या समितीने वर्गणी करून त्यांना जगवले. असा नकार किंवा होकार जिथे लिहिला जाई ती ओव्हरसिअरची, म्हणजे गरिबांची मदत वाटणाऱ्या पॅरिशच्या माणसाची, वही तुमच्या गावचीही असेल. १६६२ च्या कायद्यापासून प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका पॅरिशचा असे. अडचण आली की मदत त्या पॅरिशने करायची, आणि दुसरी पॅरिश त्याला गाडीत घालून तिकडे रवाना करू शके. अविवाहित असताना वर्षभर सालाने राहिला, कारागिराकडे उमेदवारी केली, दहा पौंडांचे घर भाड्याने घेतले, अशा कारणांनी हा हक्क मिळे. बाईला तो नवऱ्याचा मिळे. नवरा मेला की जिथे तिने कधी पाऊल ठेवले नाही अशा गावी विधवेला पोरांसकट पाठवता येई. हे ठरवण्यापूर्वी न्यायाधीश तिची जबानी घेत: जन्म कुठे, कुणाकडे कामाला होती, लग्न कुठे, मुले किती वयाची. अक्षर न येणाऱ्या बाईचे आत्मचरित्र म्हणून मी याहून चांगला कागद पाहिलेला नाही. जॉन आणि ॲनच्या आईबापांच्या पिढीत, १८३४ च्या आधीच्या काळात, असे काही मिळते का ते डॉर्सेट हिस्टरी सेंटरच्या सूचीत गावाच्या नावाने पाहा. सगळ्या गावांचे टिकलेले नाही.

१८३४ नंतर अनेक गावांची मिळून वर्कहाउसे, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणारी घरे, झाली. तिथे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. चाळीस वर्षे एका चुलीशी बसलेली म्हातारी जोडपीही वेगळी होत. साठीच्या पुढच्या जोडप्यांनी मागितले तर त्यांना एकत्र ठेवावे असा कायदा १८४७ मध्ये झाला. १८७१ किंवा १८८१ च्या जनगणनेत जॉन एकटाच वर्कहाउसमध्ये दिसला तर ॲन मेली असे लगेच लिहू नका. ती एखाद्या लग्न झालेल्या लेकीकडे असेल, म्हणजे तुम्हाला त्या लेकीचे नवे आडनाव हवे. पुन्हा माहेर-सासर.

सहांपैकी हॅमेटचेही तसेच झाले. कॅनडाला न जाता तो टॉलपडलला परतला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये वारला. गावच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, तिच्यावरचा दगड शिल्पकार एरिक गिलने कोरला, पण १९३४ मध्ये. त्रेचाळीस वर्षे तिथे दगड नव्हता. थडग्यावरची अक्षरे पाहून भारावून जाण्याआधी ती कधी कोरली ते विचारावे. तुमच्या दोघांना दगड नसण्याचीच शक्यता जास्त. दफनाच्या वहीत नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण मिळेल, कारण १८१३ पासून छापील नमुन्याच्या वह्या आल्या.

जनगणनेबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही आधीच चाळली असणार. नावानिशी पहिली गणती १८४१ ची. तिच्यात पंधराच्या वरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, म्हणजे २४ चा माणूस २० चा दिसतो. नाते लिहिलेले नाही, आणि जन्म याच काउंटीत का, याला फक्त हो किंवा नाही. १८४१ मध्ये जॉन आणि ॲन अजून अविवाहित आहेत, तेव्हा ते आईबापांकडे नाहीतर कुणाच्या तरी शेतावर नोकर म्हणून सापडतील. खरा खजिना ३० मार्च १८५१ च्या रात्रीची गणती: वय, नाते, आणि जन्माचे गाव. ॲनच्या नावापुढचे जन्मगाव वेगळे असेल तर तिथे जा. धंद्याच्या रकान्यात जॉनपुढे शेतमजूर असेल आणि ॲनपुढे बहुधा काहीच नाही. त्याचा अर्थ ती रिकामी बसली होती असा नाही. डॉर्सेटमध्ये ब्लँडफर्ड, शाफ्ट्सबरी, बिअर रीजिस या भागात घरोघर बायका-पोरी तारेच्या कड्यांवर सुताने बटणे विणत होत्या, आणि १८५० च्या दशकात यंत्राच्या बटणांनी तो धंदा बसवला. गणतीवाल्यांनी त्यातले किती लिहिले आणि किती सोडले हे त्या त्या गणतीवाल्यावर होते. तुमचे खेडे त्या पट्ट्यात येत असेल तर शेजारणींची पाने वाचा. दोघी-तिघींपुढे बटणे लिहिली असतील तर ॲनच्या हातातही सूत होते असे मी धरून चालेन. मात्र वहीत 'बहुधा' लिहायला विसरू नका.

घर नेमके कुठले, हे मुलीला सर्वांत आवडेल. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्याच्या रूपात द्यायचा दशमांश रोख केला, आणि त्यासाठी १८४० च्या आसपास हजारो गावांचे मोठे नकाशे झाले. प्रत्येक शेताला, परसाला, झोपडीला क्रमांक. सोबतच्या यादीत मालक, वहिवाटदार, शेताचे नाव, क्षेत्र. जॉनचे स्वतंत्र नाव नसेल, एखाद्या शेतकऱ्याच्या नावापुढे 'आणि इतर' असेल आणि त्या इतरांत तो. मग १८५१ च्या गणतीवाल्याने कुठून कुठे चालत घरे मोजली त्याचा क्रम नकाशावर बोटाने फिरवून पाहा. ॲनचा भाऊ तीन घरांपलीकडे निघाला तर नवल नाही.

मृत्युपत्रे मजुरांची सहसा नसतात, आणि नवरा असलेल्या बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत स्वतःच्या नावाने मृत्युपत्र करणे जवळजवळ अशक्य होते. पण ॲनच्या माहेरी एखादी अविवाहित आत्या किंवा चार एकर बाळगणारा काका असेल तर त्याचे पाहा. आत्या भाच्यांना चहाचे चमचे आणि पाच-पाच पौंड ठेवते आणि 'माझी भाची ॲन, अमक्याची बायको' असे स्वच्छ लिहिते. १२ जानेवारी १८५८ च्या आधीची चर्चच्या न्यायालयांत, नंतरची सरकारी सूचीत.

एखादा मुलगा १८६० नंतर कुठेच दिसेनासा झाला तर आपल्याकडे नजर टाका. हे मी मराठी म्हणून लाडाने सांगत नाही. पुढे डॉर्सेटशायरचे नाव मिळालेली ३९ वी पलटण ही १७५४ मध्ये हिंदुस्थानात उतरलेली राजाची पहिली पलटण, आणि नंतर डॉर्सेटची पोरे सैन्यातून, रेल्वेतून येतच राहिली. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांच्या नकला लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई, पुणे, देवळाली अशी ठिकाणे त्यांत भेटतात. खडकीच्या कबरस्तानात आडनाव वाचायला निघण्याआधी ते दप्तर बघा.

शोधत शोधत १७५२ च्या मागे गेलात तर एक ध्यानात ठेवा: तोवर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आपला पाडवाच म्हणा. डिसेंबर १७२० नंतर येणारा फेब्रुवारीही १७२० चाच लिहिलेला असतो. 'लग्नाआधीच मेलेला नवरा' बहुधा यातून निघतो.

आता तुमचे पुढचे काम. चर्चच्या वहीतले १८४३ चे ते पान मला पाठवा, पण फक्त तुमची नोंद कापून नको. सबंध पान, आणि जमले तर मागचे-पुढचेही. साक्षीदारांच्या दोन सह्या मला हव्या आहेत, आणि तीच माणसे वरच्या-खालच्या लग्नांतही साक्षीदार आहेत का तेही. दर लग्नात तेच नाव असेल तर तो चर्चचा कारकून, सोडून द्या. एकदाच येणारे नाव असेल आणि तुमच्या जॉनच्या आडनावाचे नसेल, तर ती बहुतेक ॲनची बहीण किंवा मेहुणा. पाठोपाठ बॅन्सची वही पाहा. लग्नाआधी तीन रविवार नावे पुकारत, आणि नवरा-नवरी दोन गावांची असली तर दोन्ही गावांत. त्या वहीत ॲनच्या गावाचे नाव असेल. ते मिळाले की कळवा, तिथून पुढचे मिळून बघू.